नानांची गाडी

यंदाच्या गुढीपाडव्याला, सकाळी साडेनऊ वाजता, शाळेच्या ओट्यावर एक हजार पन्नास रुपये जमले. एकवीस घरं, घरटी पन्नास. हजर होते सरपंचबाई, दुकानदार, माझी बायको, माझी मुलगी, गावातली आणखी दहाबारा माणसं आणि मी. पैसे एसटीच्या थांब्यावर पाटी लावण्यासाठी होते. पाटीवर गाडीच्या वेळा लिहायच्या आणि खाली एक ओळ टाकायची, 'कै. नाना यांच्या प्रयत्नाने'. चहा यायच्या आत हे ठरलंसुद्धा. पाटी भोरहून रंगवून आणायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं शुद्धलेखन चांगलं आहे, असं दुकानदार म्हणाला.

नाना म्हणजे माझ्या बायकोचे चुलते. होळीच्या आधी वारले. वय अठ्ठ्याहत्तर. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं अशी रीत आहे, आणि चांगलं बोलण्यासारखं त्यांच्यात पुष्कळ होतं. अडचण एवढीच, की ते सगळं गाव बोलतं. मला बोलायला काही शिल्लक राहत नाही.

आमचं गाव हिर्डोशीच्या पुढे, घाटाच्या अंगाला. आमचं म्हणजे बायकोचं. मी मूळचा खालच्या अंगाचा, वरव्याच्या पलीकडचा. सासऱ्यांना मुलगा नव्हता, भाताची खाचरं कुणी बघायची, म्हणून लग्नानंतर मी इकडे आलो. भोरला एका दूध संस्थेत हिशेब लिहितो. बावीस वर्षं झाली, पण गावात माझी ओळख अजून जावई अशीच आहे. नाना मला 'जावईबापू' म्हणत आणि ते सगळ्यांसमोर म्हणत.

नानांच्या मते जगात दोनच जातीची माणसं होती. संस्थानी आणि खालसा. भोर हे पूर्वी संस्थान, तिथे राजा होता. शेजारचा काही मुलूख थेट इंग्रजांच्या ताब्यात होता, त्याला जुनी माणसं खालसा म्हणतात. माझे आजोबा खालशातले. एवढी माहिती नानांनी माझ्या लग्नातच काढून घेतली आणि मांडवात जाहीर केली.

"तरीच म्हनलं, पोरगा पत्रिका दोनदा का वाचतोय."

लोक हसले. मी पत्रिका दोनदा वाचली होती, कारण तीत मुहूर्ताची वेळ चुकली होती. हे मी कुणाला सांगितलं नाही.

पुढे कधीतरी त्यांनी मला नीट समजावलं. "खालशातल्या मान्साला सायेब दिसायचाच न्हाई. त्याला कागद दिसायचा. म्हनून तुमी लोक कागदाच्या पाया पडता. आमचा राजा दिसायचा. आमी मान्साच्या पाया पडतो."

मी म्हणालो, "म्हणजे पाया पडणं दोघांचंही सुटलं नाही."

"ते कुनाचं सुटलंय, जावईबापू?" असं म्हणून त्यांनी तंबाखू मळायला घेतली. माझा मुद्दा बरोबर होता. पण तो आता त्यांचा झाला होता, आणि संध्याकाळपर्यंत पारावर त्यांच्याच नावाने सांगितला जात होता.

गंमत अशी, की संस्थान विलीन झालं तेव्हा नाना पाळण्यात होते. माझ्या मुलीने त्यांना एकदा विचारलं, "नाना, तुम्ही राजा पाहिलात का?"

"म्या न्हाई. पर आमच्या बापानं पायला. समोर हुबा राहून पायला."

तेवढ्यावर त्यांनी सगळा जन्म काढला. कुठल्याही कचेरीत गेले की उभे राहत. खुर्ची दिली तरी बसत नसत. "बसा आजोबा" म्हटलं की "हुबाच बरा हाय" म्हणत. ऐंशीला टेकलेला माणूस समोर उभा आणि आपण बसलेलो, हे चांगल्या घरातल्या अधिकाऱ्याला सहन होत नाही. तोही उठतो. मग दोघे उभ्याने बोलत. मी मात्र खुर्चीत फाईल घेऊन बसलेला असे. माझ्याकडे कुणी बघत नसे.

त्यांच्या हातात कायम एक कापडी पिशवी असे, आणि तिच्यात स्वतःच्या खाचरातला तांदूळ, दोन ओंजळी. लाच म्हणावी तर फार कमी. ती साहेबाच्या टेबलावर ठेवायची, भात कसा लागतो ते सांगायचं आणि निघायचं. काम सांगायचं नाही. पिशवी तिथेच ठेवायची. आठ-पंधरा दिवसांनी परत जायचं. "पिशवी न्यायला आलो." तेव्हाही काम सांगायचं नाही. शेवटी साहेबच विचारी, "आजोबा, काम काय होतं?" मग नाना अवघडल्यासारखे हसत आणि अर्ध्या वाक्यात काम सांगत.

"आपुन काम सांगितलं की आपुन मागनारं. त्यानं इचारलं की त्यो देनारा. लई फरक हाय," ते म्हणत.

आणखी एक. नाना सातवी पास. पेपर मोठ्याने वाचत, चुका काढत. पण सरकारी कागदावर सही करत नसत, अंगठा उठवत. माझ्या प्रत्येक अर्जावर गावच्या सह्यांच्या मधोमध त्यांचा निळा अंगठा असे. मला त्याची फार चीड होती. साक्षर माणसाचा अंगठा असलेला अर्ज वाचणाऱ्याला गाव अडाणी वाटतं. मी एकदा तसं बोललो.

"सही केली की नाव कागदावर जातं," ते म्हणाले. "नाव तिथं गेलं की सायबाला आपल्याला बघायची गरज ऱ्हात न्हाई."

मी अर्ज करणारा माणूस आहे, हे लपवत नाही. अर्जात विषय असतो, संदर्भ असतो, मागच्या अर्जाचा आवक क्रमांक असतो. आकडे असतात, आणि माझे आकडे चुकत नाहीत. काही वर्षांपूर्वी वरच्या वाडीचा ट्रान्सफॉर्मर जळला तेव्हा मी चार अर्ज केले. नाना पिशवी घेऊन दोनदा गेले. ट्रान्सफॉर्मर आला तेव्हा वायरमनच्या हातातल्या कागदावर माझ्या चौथ्या अर्जाचा क्रमांक होता. मी तो लोकांना दाखवला. लोकांनी मान डोलावली आणि नारळ नानांच्या हस्ते फोडला. नारळ फोडताना नाना म्हणाले, "कागद जावयाचा, पाय माजं." सगळे हसले. बायकोही हसली. घरी येऊन मी तिला विचारलं, यात हसण्यासारखं काय होतं. ती म्हणाली, "अहो, तुमचंच नाव घेतलं की त्यांनी."

बायकोचं मी सोसलं असतं. मुलीचं सोसवत नव्हतं.

मुलगी भोरच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकते. पहिल्या वर्षाला तिला प्रकल्प मिळाला, इंग्रजी राजवटीचा आपल्या राजकीय सवयींवर झालेला परिणाम. असा विषय घरात आल्यावर मी दोन संध्याकाळी मोकळ्या ठेवल्या. जुने अर्ज काढून ठेवले. सरकारी मराठीतलं 'महोदय' आणि 'आपला नम्र' कुठून आलं, यावर माझ्याकडे बोलण्यासारखं होतं. ती मोबाईल घेऊन नानांच्या पडवीत गेली. जवळजवळ आठवडाभर रोज जात होती. आमच्या अंगणातून मला तिचं हसणं ऐकू येई. मला तिने एवढंच विचारलं, समास किती सोडायचा.

प्रकल्प छापून आला तो मी वाचला. धरणांबद्दल नानांचं बोलणं तिने जसंच्या तसं घेतलं होतं. "भाटघरचं धरन सायबानं बांधलं. मागनं आपल्या सरकारनं निरेवर वरच्या अंगाला दुसरं बांधलं. पानी दोनीचं खालीच गेलं. आमाला दोनी येळंला वळसा आला." हे वाक्य चांगलं आहे. मला ते सुचलं नाही, आणि मी रोज त्याच वळशाने कामाला जातो. नाना पानोपानी होते. मी एका ओळीत होतो. 'माझे वडील लिहून मागतात, नाना उभं राहून मागतात. वरून कुणीतरी द्यायचं असतं, याबद्दल मात्र दोघांचं एकमत आहे.'

तिच्या मॅडमनी या ओळीखाली लाल रेघ मारून 'छान' लिहिलं होतं.

आता गाडीबद्दल. आमच्या गावाला मुक्कामी एसटी होती. संध्याकाळी भोरहून यायची, ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या खोलीत झोपायचे, सकाळी सहाला तीच गाडी परत निघायची. कॉलेजच्या मुलींना दुसरी सोय नव्हती. मागच्या वर्षी फाट्याच्या वर रस्त्याची कड ढासळली आणि गाडी फाट्यावरून वळू लागली. फाटा ते गाव चार किलोमीटर चढ. पुढे रस्ता दुरुस्त झाला, टेम्पो यायला लागले, दुधाची गाडी यायला लागली. एसटी येईना. दिवस लहान झाले, मुली अंधारातून चढून यायला लागल्या आणि दोन घरांनी मुलींचं कॉलेज बंद केलं. आमची बायको म्हणाली, "दिवाळीपर्यंत बघू. न्हाईतर हिलाही घरी बसवू, मला घोर सोसत न्हाई."

मुलीने हे ऐकलं आणि जेवण टाकून उठली.

ही गाडी माझ्या अर्जाने आली पाहिजे, असं मी त्याच दिवशी ठरवलं. ट्रान्सफॉर्मर गेला तो गेला. ही गाडी माझी. अर्जाला तक्ता जोडला, सकाळचे प्रवासी, संध्याकाळचे प्रवासी, पासधारक मुली, दुधाची माणसं. रस्ता झाल्याचं पत्र जोडलं. आणि अर्ज घेऊन डेपोत जायला निघालो तर फाट्यावर नाना उभे. हातात पिशवी.

"म्या बी येतो. तुमी कागद द्या, म्या नुसता भेटतो."

डेपोत साहेबांसमोर मी बसलो, नाना उभे राहिले. दोन मिनिटांत साहेबही उभे राहिले. साहेब कोकणातले निघाले. तांदळाचा विषय निघाला, पेजेचा निघाला, पेजेबरोबर काय खायचं हा निघाला. मी तक्ता उघडून धरला होता. साहेब म्हणाले, "ठेवा, ठेवा, बघतो." मी अर्ज टेबलावर ठेवला. नानांनी पिशवी त्याच्यावर ठेवली. मुद्दाम नसेल. पण टेबल चांगलं मोठं होतं.

परतताना नाना खूश होते. "मानूस चांगला हाय. आता पंधरा दिसांनी पिशवीला जातो."

पंधरा दिवसांनी नाना गेले आणि रिकाम्या हाताने आले. साहेबांची बदली झाली होती. पिशवीही त्यांच्याबरोबर गेली होती. नाना पडवीत बसून होते. "आता त्या नव्या बाईला म्या काय सांगू? माजी पिशवीच न्हाई तिच्याकडं."

मला बरं वाटलं. माणसाची बदली होते, कागदाची होत नाही. मी रजा टाकून डेपोत गेलो. नव्या मॅडम तरुण होत्या, नीट बोलल्या. त्यांनी माझा अर्ज शोधून काढला. त्यावर आधीच्या साहेबांच्या अक्षरात शेरा होता, 'उत्पन्न अपुरे, निकाली'. मी म्हणालो, फाट्यावरूनच वळवल्यावर उत्पन्न कुठून येणार? त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. तुम्ही नव्याने अर्ज करा."

घरी आलो तेव्हा मुलगी दारात उभी होती. माझ्याकडे बघून ती आत गेली. तोंडावरून कळलं असावं.

चार दिवसांनी संध्याकाळी बायकोचा फोन आला. मी नुकताच कामावरून येऊन दुधाच्या गाडीतून गावात उतरत होतो. "फाट्यावर पळा. पोरी गाडीतून उतरत न्हाईत." मी घरात जाऊन फाईल घेतली आणि दुधाच्या गाडीतूनच उलटा खाली गेलो. गाडीच्या मागच्या बाजूला कॅनच्या मधोमध आधीच कुणीतरी बसलं होतं. नाना. मांडीवर नवी पिशवी.

फाट्यावर एसटी वळून उभी होती. ड्रायव्हर खाली उतरून बिडी ओढत होता. आत पाच मुली आणि दोन म्हाताऱ्या बायका बसलेल्या. कंडक्टर दारात उभा राहून सांगत होता, "पोरींनो, उतरा गं. मला काय अधिकार हाय का वर न्यायचा?"

आमची मुलगी पुढच्या सीटवर होती. आवाज चढलेला नव्हता. "काका, पास बघा. भोर ते कुठपर्यंत आहे?"

"अगं, पास जुन्याच टप्प्याचा निघतोय."

"पैसे पण जुन्याच टप्प्याचे घेतलेत. गावापर्यंतचे. आम्ही काही मागत नाही, आमच्या गावाला सोडा."

मी खिडकीपाशी गेलो. "थांब, मी बोलतो. माझ्याकडे रस्त्याचं पत्र आहे." नाना दुसऱ्या बाजूने आले. "बाळ, म्या जरा यान्ला भेटतो, तू उतर." त्यांनी पिशवी कंडक्टरपुढे धरली.

तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग नानांकडे. "बाबा, फाईल नको. नाना, तांदूळ नको. दोघं जरा बाजूला उभं राहा."

आम्ही बाजूला उभे राहिलो. नाना आणि मी, फाट्यावर, एका रांगेत. त्यांच्याबरोबर एका पातळीवर मी तेव्हाच काय तो आलो असेन. मला खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण मला दिसलं, की नानांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते हसत होते. मला तेही जमलं नाही.

कंडक्टरने मॅडमना फोन लावला. आम्हाला एकाच बाजूचं ऐकू येत होतं. "व्हय मॅडम. पास गावापत्तर हायेत. व्हय, पैसे घेतलेत. रस्ता? दुधाची गाडी आत्ता वरनंच आली." मग बराच वेळ नुसतं "व्हय, व्हय." मग फोन खिशात टाकून तो ड्रायव्हरला म्हणाला, "चल, घे वर. आजपास्नं मुक्कामच म्हनत्यात."

नाना पायरी चढले आणि सवयीने दांडी धरून उभे राहिले. अर्धी गाडी रिकामी होती. मुलगी सरकून म्हणाली, "बसा की नाना. आपलीच गाडी आहे."

आणि नाना बसले. बावीस वर्षांत त्यांना सरकारी जागेत बसलेलं मी प्रथम पाहिलं. तिच्या शेजारी बसले, पिशवी मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, पंच्याहत्तरच्या वर फुकट." नाना म्हणाले, "फुकट न्हाई जायाचं. फुकट म्हंजी मुजरा आला." कंडक्टर पैसे घेईना, ते ऐकेनात, गाडीभर हसू. मी माझं तिकीट काढून मागच्या सीटवर बसलो. वरपर्यंत मला त्या दोघांच्या पाठी दिसत होत्या.

गाडी पारापाशी थांबली तेव्हा दारात सगळ्यांच्या पुढे नाना होते, कारण त्यांची सीट पुढची होती. गावाने पाहिलं ते एवढंच. गाडी आली आणि तिच्यातून नाना उतरले. त्या दिवसापासून ती नानांची गाडी झाली. नाना तोंड दुखेपर्यंत सांगत राहिले, "आरं, पोरींनी आनली." लोक म्हणत, नानांचा मोठेपणा.

पाडव्याच्या सभेत मुलगी गप्प बसली होती. संध्याकाळी मी पाटीचा मजकूर कागदावर उतरवत होतो तेव्हा ती शेजारी येऊन बसली.

"बाबा, खालची ओळ नको."

मी म्हणालो, "सभेत ठरलंय."

"नाव लिहिलं की गाडी परत कुणीतरी दिलेली झाली. आणि नानांनी तरी आयुष्यात कुठल्या कागदावर नाव घातलं?"

आम्ही दोघे सरपंचबाईंकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. "खरं हाय. पाटीवर बी अंगठाच दिला असता त्येंनी. नुसत्या येळा लिवा."

दुसऱ्या दिवशी भोरला रंगाऱ्याकडे गेलो. मी घेतलेली गाडी सकाळी सहाचीच होती. रंगाऱ्याने कागद उलटा करून पाहिला.

"खाली कुणाच्या प्रयत्नाने ते लिहायचं राहिलं."

"राहिलं नाही. तसंच आहे."

"साहेब, सगळे लिहितात. बसायच्या बाकावर लिहितात, तुम्ही तर गाडी आणलीय. जागा पण आहे. तुमचं लिहू का?"

दुकानात तो आणि मी, दोघेच. कुंचला बुडवलेला होता. माझ्या नावात पाचच अक्षरं आहेत.

"नको," मी म्हणालो. "वेळा तेवढ्या ठळक काढा."

आठ दिवसांनी पाटी थांब्यावर लागली. वेळा बरोबर आहेत, मी तपासल्या. पाटीखाली उभं राहून लोक एकमेकांना विचारतात, नानांची गाडी गेली का. माझी मुलगीसुद्धा तसंच विचारते.

ओळ कमी झाल्याने रंगाऱ्याने आठशे घेतले. उरलेले अडीचशे सरपंचबाईंना परत दिले, ते त्यांनी मुक्कामाच्या खोलीतल्या दिव्याला लावले. रंगाऱ्याची पावती माझ्याजवळ आहे. ती माझ्या नावाची आहे.